उमा भोपीच्या फ्रिजातली फुशिया

उमा भोपीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुमुदताईंना वाटलं, ही बाई तिसऱ्या मजल्यावर कोल्ड्रिंकचं दुकान टाकतेय! आता हे सांगताना कुमुदताई स्वतःच इतक्या हसतात की ठसका लागतो, मग पाणी आणावं लागतं, आणि पाणी आणणाऱ्यालाही पुन्हा सगळं पहिल्यापासून ऐकावं लागतं.

पण त्यांची चूक म्हणाल तर अगदीच काही नव्हती. दिवाळी नुकतीच झाली होती. बदलापुरात सोनिवलीच्या त्या नव्या बिल्डिंगखाली एक टेम्पो येऊन थांबला. कुमुदिनी टिपणीस आपल्या बाल्कनीत गुलाबांना पाणी घालत होत्या आणि एक डोळा अर्थातच खाली होता. पलंग उतरला, शिलाई मशीन उतरलं, देवघर उतरलं. इथपर्यंत ठीक. मग चार माणसांनी 'हळू हळू' करत उतरवला तो काचेच्या दाराचा उंच फ्रिज. पानाच्या टपरीशेजारी असतो ना, बाटल्यांचा, तस्साच. दारावर बर्फात बुडालेल्या बाटलीचं अर्धं सोललेलं चित्रसुद्धा होतं. लिफ्टमध्ये मावेना म्हणून जिन्यानं वर आला, आणि थांबला कुठं, तर कुमुदताईंच्या दारासमोरच्या दारात.

पाण्याचा पाइप तसाच चालू सोडून कुमुदताईंनी सेक्रेटरीला फोन लावला. खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरी पुन्हा धुऊन निघाल्या, ते वेगळंच.

"धर्मेशभाई, आपल्या सोसायटीत घरात धंदा चालतो का हो?"

"नाय चालत भाभी. बायलॉजमधे नाय बसत."

"मग वर या. आत्ता या. बाटल्या भरायच्या आधी या."

धर्मेशभाई बनियनवर शर्ट चढवत आले. बेल वाजली. दार उघडलं ते एका ठेंगण्या, काळ्यासावळ्या बाईनं. केसांना तेल, कमरेला खोचलेला पदर, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू ही दोघं गिऱ्हाईकंच आहेत.

"या ना, साईं, या. पहिलाच दिवस आणि पाहुणे. आत या, चप्पल असू द्या."

आत हॉलमध्ये फ्रिज लागलेलाही होता. काचेआड पांढरा दिवा. आणि बाटल्यांच्या जागी ओळीनं मांडलेले दह्याचे रिकामे कप, रबडीचे डबे, आइस्क्रीमचे चौकोनी खोके. प्रत्येकात ओल्या भुशासारखं काहीतरी आणि त्यावर हिरवी लव. नीट पाहिलं तर लव नव्हे, पानं. मुंगीच्या कानाएवढी.

"हे काय आहे?" कुमुदताईंनी विचारलं.

"रोपं. माझी बाळं."

"फ्रिजमध्ये?"

"बाहेर ठेवली तर भाजून निघतील ना ताई. थंड जंगलातली आहेत. बी चिलीचं आहे."

धर्मेशभाईंचा जीव भांड्यात पडला. "मिरची! भाभी, खालीपिली घाबरवलं तुम्ही. मिरचीच आहे."

आणि तेव्हापासून अख्ख्या बिल्डिंगमध्ये त्याचं नाव पडलं मिरचीचा फ्रिज. धर्मेशभाईंची बायको रिद्धी तर वाटी घेऊनच गेली, भरल्या मिरच्यांना जाड्या मिळतील का म्हणून. उमानं तिला बसवून समजावलं, "अगं, चिली देश आहे. तिथं खाली, नकाशात, असा लांबच लांब, बारीक, खाली जरा वाकडा."

रिद्धी म्हणाली, "लांब, बारीक, वाकडा. मग मिरचीच ना, आंटी!"

उमा इतकी हसली की रिद्धीला वाटीभर शेंगदाण्याची चटणी मिळाली. मिरची नाही तर नाही.

आता इथं कुमुदताईंचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या बिल्डिंगमध्ये झाडाचं काही असलं की लोक टिपणिसांकडे यायचे. तुळस वाळली, कुमुदताई. गुलाबाला कीड, कुमुदताई. मनी प्लांट वाढेना, कुमुदताई. आजारी माणसं डॉक्टरकडे नेतात तशी लोकं त्यांच्याकडे कुंड्या आणायची, आणि कुमुदताई चष्मा नाकावर ओढून, पान उलटं करून म्हणायच्या, "हूं. पाणी जास्त झालंय. लाड करता तुम्ही." त्यांचे यजमान बाळ टिपणीस अंबरनाथच्या केमिकल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते, आता रिटायर. मुलगी राजसी लग्न होऊन पुण्याला. घरात बोलायला उरले बाळकाका, आणि ते ऐकायचे कमी, डुलकी जास्त घ्यायचे. तेव्हा त्या दारात येणाऱ्या कुंड्या म्हणजे कुमुदताईंचा सगळा मान होता. तो मान समोरच्या दारात सरकायला लागला. दुखणं सगळं ते.

आणि ही उमा काही कॉलेजात झाडं शिकून आलेली नव्हती हो. विठ्ठलवाडीच्या चाळीत वाढलेली. लग्नाआधीपासून ते केस पिकेपर्यंत उल्हासनगरात हरेश शेटच्या मॅचिंग सेंटरमध्ये काउंटरवर उभी राहिलेली. अस्तर, ब्लाउज पीस, फॉल, रिबिनी. दिवसभर साड्यांचे पदर बोटात धरून कप्प्यातल्या ठाणांशी ताडून बघायचं. तिथंच सिंधी गिऱ्हाइकांचं 'साईं' तोंडात बसलं आणि तिथंच गिऱ्हाइकाशी हसत हसत हुज्जत घालायचा हातही बसला. हरेश शेट म्हणायचा, उमाबाईशी भाव करून कुणी जिंकलं तर मी दुकान त्याच्या नावावर करतो. दुकान शेवटपर्यंत शेटच्याच नावावर राहिलं.

तर एकदा एक कॉलेजची पोरगी आली, म्हणाली, "आंटी, फुशिया दाखवा." उमानं राणी कलर दाखवला. पोरगी म्हणाली, हा राणी आहे, मला फुशिया हवा. उमाला आला राग. इतकी वर्षं रंग विकले आणि काल जन्मलेली पोर मला नवा रंग सांगते! दुपारी गिऱ्हाईक नसताना तिनं मोबाइलवर शोधलं. रंग राहिला बाजूला, निघालं फूल. खाली लोंबणारं, झुमक्यासारखं. वरच्या पाकळ्या लालभडक, आतून जांभळा घागरा, आणि घागऱ्याखाली लटकणारे मोती. आणि ते कुठलं, तर अशा जंगलातलं, जिथं बाराही महिने पाऊस आणि तरी कधी उकडत म्हणून नाही. झाडांच्या अंगावर शेवाळाच्या गोधड्या. धुकं खाली उतरून पानांवर बसतं. वर पत्र्याखाली घरघरणारा पंखा, समोर नायलॉनच्या फॉलचे गठ्ठे, बाहेर उल्हासनगरचं ऊन, आणि उमा त्या धुक्याकडे बघत बसली. तिथंच लागलं वेड.

पुण्याचा एक बियाणंवाला असली बियाणं रीतसर मागवतो, त्याच्याकडून तिनं पहिली पुडी घेतली. चाळीच्या खिडकीत पेरली. उगवलं आणि मेलं. पुन्हा पेरलं. मेलं. नवरा किसन म्हणाला, "अगं, मेथी पेर, निदान भाजी तरी होईल." हरेश शेटनं धंदा मुलाला देऊन दुकानाचं रूप पालटलं तेव्हा शेजारच्या फरसाणवाल्याचा जुना बाटल्यांचा फ्रिज भंगारात निघत होता. उमानं तो मागून घेतला, मेकॅनिककडून त्याची थंडी कमी करून घेतली, आत दिवा आणि जुन्या कॉम्प्युटरचा पिटुकला पंखा बसवला. अशी ती आपलं जंगल फ्रिजात घालून बदलापुरात आली.

कुमुदताई आधी म्हणाल्या, चार दिवसांचं कौतुक. पण चार दिवस संपेनात. त्यांच्या दाराला भिंग आहे, बाहेरचं बघायचं. त्याला डोळा लावून त्या समोरच्या दारातल्या चपला मोजायला लागल्या.

"अहो, आज पुन्हा दुसऱ्या मजल्यावरच्या आल्यात. सोनेरी चप्पल."

"तुझ्याकडे आल्या असतील, चुकून तिकडे गेल्या," बाळकाका पेपराआडून म्हणाले.

"चुकून रोज रोज?"

त्यात उमाला लागायचं एसीचं पाणी. इथलं बोअरिंगचं पाणी खारट, त्यानं त्या नाजूक पानांच्या कडा करपतात म्हणे. एसीच्या नळीतून ठिबकतं ते पाणी मऊ. झालं! सगळ्या बिल्डिंगनं बाल्कनीत एसीच्या नळीखाली बाटल्या लावल्या. मुलं शाळेत जाता जाता 'उमा आंटी, पाणी' म्हणून दारात बाटली ठेवायची. एकदा कुमुदताईंनी भिंगातून पाहिलं तर बाटली ठेवणारा माणूस ओळखीचा वाटला. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. बाळकाका!

"तुम्ही? आपल्या घरचं पाणी? तिकडे?"

"अगं, वायाच जात होतं."

"जाऊ दे ना वाया! आपलं पाणी आहे, आपण वाया घालवू!"

रोपांच्या मुळाशी बुरशी येऊ नये म्हणून उमा वरून दालचिनीची पूड भुरभुरायची. समोरून वास आला की कुमुदताईंना वाटायचं, आज तिच्याकडे काहीतरी गोडधोड आहे आणि आपल्याला बोलावलं नाही. कळलं की वास रोपांचा आहे, तेव्हा तर जास्तच झोंबलं. आमची झाडं शेणखत खातात आणि हिची दालचिनी!

मग आली संक्रांत. कुमुदताईंचं हळदीकुंकू म्हणजे काय विचारता. दरवर्षी वाण असं आणायच्या की बायका पुढच्या संक्रांतीपर्यंत नाव काढायच्या. यंदा त्यांनी उल्हासनगरला जाऊन स्टीलच्या झाकणाच्या सुबक डब्या आणल्या होत्या. बायका आल्या, डब्या घेतल्या, 'छान छान' म्हणाल्या आणि समोरच्या दारात गेल्या. तिथं उमा वाण म्हणून काय देतेय? रोप. एकेक दह्याच्या कपात एकेक बोटभर फुशिया, कपाला लाल रिबीन, वर हळदीकुंकवाचं बोट.

"अय्या! वाणाला झाड!"

"किती गोड! डब्या काय, घरात ढिगानं असतात."

हे शेवटचं वाक्य भिंगाच्या आतपर्यंत स्पष्ट ऐकू आलं. कुमुदताईंनी भिंगावरचा डोळा काढला. शेजारधर्म म्हणून जावंच लागलं. उमानं त्यांच्याही हातात कप ठेवला. "ताई, तुम्हाला काय सांगणार मी. तुम्ही तर जाणकार. थंडीत ठीक राहील, उन्हाळ्यात मात्र जपा."

आता वाण काही परत करता येत नाही. कुमुदताई घरी आल्या आणि तो कप त्यांनी पश्चिमेच्या खिडकीत ठेवून दिला, जिथं दुपारी ताटली ठेवली तर पापड भाजेल. मरू दे. म्हणजे सगळ्यांना सांगता येईल, बघा, फ्रिजाबाहेर दोन दिवस तग धरत नाहीत.

पण संध्याकाळी चहा पिता पिता त्यांच्या डोक्यात दुसरंच काहीतरी शिजलं. मरणार तर सगळ्यांचंच आहे. सोनेरी चपलेचं मरेल, रिद्धीचं मरेल. त्यात आपलंही मेलं तर आपण त्यांच्यातल्याच एक झालो. पण सगळ्यांची मेली आणि आपलं एकटीचं जगलं, फुललं? तिच्याही आधी फुललं? चहा तसाच टाकून त्या उठल्या. रोप मान टाकून बसलं होतं. उचललं, आणि थेट बेडरूममध्ये.

त्या दिवसापासून टिपणिसांच्या बेडरूमचं दार बंद झालं. उत्तरेच्या खिडकीशी स्टूल, स्टुलावर रोप. उन्हं तापायला लागली तसा एसी दिवसरात्र सुरू. बाळकाका आधी रग घेऊन झोपायला लागले, मग स्वेटर घालून, मग कानटोपी आली.

"अगं, वैशाख आहे. लोक उघड्यानं झोपतायत."

"तुम्हाला काय होतंय? मोजे घाला."

"हॉलमध्ये झोपू का?"

"आणि हॉलमध्ये का झोपता म्हणून कुणी विचारलं तर? काय सांगाल? गप पडा."

बाहेर विचारलं की कुमुदताई चेहरा पाडून सांगायच्या, "माझं? केव्हाच गेलं हो. नाजूक जात, आपल्याकडे कुठली टिकायला." बाकीच्यांची तर खरंच गेली होती. तेव्हा कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. आणि गंमत अशी, की रोज सकाळी दार लावून, पाठ वळवून, उमासारखीच न्हाव्याच्या फुसफुस बाटलीतनं पाणी मारता मारता कुमुदताई त्या रोपाशी बोलायला लागल्या होत्या. "वाढ गं बाई. नाक कापायचंय आपल्याला तिचं." रोप वाढत होतं. कुणाचं नाक कापायचं ते त्याला कुठं माहीत.

मे महिन्यात उमा भावाच्या मुलीच्या लग्नाला विठ्ठलवाडीला गेली. इकडे लाइट आली गेली, आली गेली, आणि एका झटक्यात फ्रिजचा कॉम्प्रेसर बसला. किसनराव आत आयपीएल बघत होते. फ्रिजची घरघर थांबली ते त्यांना बरंच वाटलं, कॉमेंटरी नीट ऐकू यायला लागली. उमा परत आली तेव्हा काचेआड पालकाची शिळी भाजी झालेली. सगळी रोपं.

रिद्धीनं येऊन बातमी सांगितली. कुमुदताईंनी तोंडाला पदर लावला, "अरेरे." आत मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्या लगबगीनं समाचाराला गेल्या.

उमा मोरीत बसून कप धूत होती. एकेक कप घासायची, पालथा घालायची. हसू नाही, साईं नाही. कुमुदताईंनी तयार करून आणलेली वाक्यं आठवेनात.

"वाईट झालं हो, उमाताई."

"हूं." मग कप घासता घासताच उमा म्हणाली, "इतक्या जणींना वाटलं मी संक्रांतीला. वाटलं होतं, एकीकडे तरी एखादं राहील. चुकून."

'माझ्याकडे आहे' हे कुमुदताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांच्यामागे रिद्धी येऊन उभी राहिली होती, आणि रिद्धीमागे सोनेरी चप्पल, आणि तिच्या हातात डबा. "उमाताई, आज चूल पेटवू नका, मी पुलाव आणलाय." दोन मिनिटांत मोरीपाशी ही गर्दी! कुमुदताई बाजूला ढकलल्या गेल्या. गुलाबांना मागच्या वर्षी बुरशी आली होती तेव्हा कुणी साधी वाटी आणली नव्हती. हिच्या मेलेल्या रोपांचं सांत्वन करायलासुद्धा रांग! क्षणभर आलेली हळहळ गेली आणि मत्सर तेवढा परत आला. त्या घरी आल्या आणि त्यांनी बेडरूमचं दार घट्ट लावून घेतलं.

हरेश शेटच्या ओळखीच्या मेकॅनिकनं फ्रिज दुरुस्त करून दिला. उमानं पुन्हा बी पेरलं, पुन्हा मुंगीचे कान उगवले. पावसाळा सरला. आणि मार्गशीर्षात, एका सकाळी, कुमुदताईंच्या रोपाला, जे आता रोप कसलं, चांगलं कमरेएवढं झुडूप झालं होतं, त्याला खाली लोंबणाऱ्या लाल कळ्या दिसल्या. मेथीच्या दाण्याएवढ्या.

कुमुदताईंनी बाळकाकांना गदागदा हलवून उठवलं. "अहो! कळ्या!"

"कुणाला?"

बेत ठरला. फूल उमललं की सगळ्या बिल्डिंगला चहाला बोलवायचं. उमाला सगळ्यात आधी. दार उघडायचं आणि काही बोलायचं नाही, फक्त हात करायचा, हा असा. आरशासमोर त्यांनी हात करूनसुद्धा पाहिला. नव्या कपबश्या काढल्या. कळ्या चवळीएवढ्या झाल्या. आणि मग गळायला लागल्या. रोज सकाळी स्टुलाखाली दोन-तीन लाल थेंब पडलेले. कुमुदताईंनी खत घातलं, जास्त गळल्या. पाणी वाढवलं, आणखी गळल्या. नारळाची शेंडी गुंडाळली, दृष्ट काढली. थोड्याच कळ्या उरल्या. त्या गेल्या की चहा गेला, हात करणं गेलं, वर्षभराची कानटोपी गेली.

झाडांच्या डॉक्टरीणबाई शेवटी समोरच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"उमाताई, सहज विचारते हं. माझी एक मावसबहीण आहे. पुण्याला. तिच्याकडे एक फुशिया आहे."

"अच्छा?" उमा मटार सोलत होती.

"तिच्या कळ्या गळतायत."

"मावसबहिणीच्या?"

"झाडाच्या हो!"

"कुठं ठेवलंय मावसबहिणीनं?"

"बेडरूममध्ये. एसी असतो."

"अजून एसी? या थंडीत?" उमानं एक शेंग फोडली. "मग हवा कोरडी पडली असणार. पाला तरतो, कळी नाही तरत. एसी बंद करायला सांगा. कुंडीखाली ताटात ओले खडे. आणि सारखं उचलून बघायचं नाही म्हणावं, कळ्यांना हलवाहलव खपत नाही." मग तिनं अगदी सहज विचारलं, "मावसबहिणीच्या मिस्टरांची सर्दी कशी आहे?"

कुमुदताईंनी समोरची मटारची एक शेंग उचलून सोलायला घेतली.

"नाही, मला आपली काळजी. भर मे महिन्यात कानटोपी घालून दूध आणायला खाली यायचे बिचारे. मी विचारलं, काका, बरं नाही का? तर म्हणाले, माझं काही नाही, झाडाला गरम होतं."

कुमुदताईंच्या डोळ्यांसमोर पायजमा, बाटली, कानटोपी असं सगळं फिरलं. घरात साप पाळला होता, पट्ट्यापट्ट्यांचा.

"म्हणजे मे महिन्यापासून तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? माझी सगळी मेली होती, तुमच्याकडे एक जगत होतं. मी विचारलं असतं तर तुम्ही रागानं दिलं असतंत उन्हात ठेवून." उमानं सोललेले मटार बाजूला सारले. "माझ्यावर जळत होतात म्हणून तर इतकं जपलंत. म्हटलं, जळू देत बाई. झाड जगू दे."

कुमुदताईंना राग यायला हवा होता. तो शोधेपर्यंत उमा पदर खोचून त्यांच्या घरात शिरलीसुद्धा.

बेडरूममध्ये ती झुडपासमोर नुसती उभी राहिली. हात लावला नाही. खाली वाकून एकेक कळी बघितली. इतकी वर्षं पेरत होती, पण कळीपर्यंत तिचं एकही पोहोचलं नव्हतं. किसनराव दारात येऊन उभे राहिले, तेही चक्क कॉमेंटरी सोडून. मग तिनं एसी बंद केला, स्वयंपाकघरातलं ताट आणलं, खाली पार्किंगमधून खडे मागवले. आठवड्यात गळणं थांबलं. उरलेल्या कळ्या टपोऱ्या झाल्या, झुमक्यांच्या डब्या उघडायला आल्यासारख्या.

आणि तेव्हा उमा म्हणाली, "ताई, आता ही माझ्याकडे न्यायची."

"कुठं?"

"माझ्याकडे. फुलायला."

कुमुदताई दरवाजा अडवूनच उभ्या राहिल्या. "वा गं वा! वर्षभर आमच्याकडे राहिली आणि फुलणार तुमच्याकडे? म्हणजे सगळी गर्दी पुन्हा तिकडेच?"

"तुम्हीही या ना गर्दीत."

"मुळीच नाही. आणि कळ्यांना हलवाहलव खपत नाही, तुम्हीच म्हणालात."

"सारखी हलवाहलव. एकदा, अलगद, समोरच्या दारात न्यायला काही होत नाही. मी उल्हासनगरहून टेम्पोतून आणलीत रोपं."

"ते काही नाही. वाण दिलंत ना तुम्ही? हळदीकुंकू लावून दिलंत ना? तुम्ही दिली, आम्ही घेतली. विषय संपला. आता ही आमच्या घरची. आमच्याकडे नांदतेय."

उमाच्या चेहऱ्यावर ते गिऱ्हाइकाला बघून येणारं हसू हळूहळू पसरलं.

"काय म्हणालात? नांदतेय?"

"हो. चांगली वर्षभर नांदतेय."

"बाळकाका, ऐकलंत ना? मी नाही म्हटलं हं. त्याच म्हणाल्या." उमानं बोट कळ्यांकडे केलं. "मुलगी माझी. हळदकुंकू लावून दिली. तुमच्याकडे नांदली. आता दिवस भरलेत. मग ताई, पहिलं बाळंतपण कुठं असतं?"

कुमुदताईंनी तोंड उघडलं. "झाडाला कसलं आलंय बाळंतपण!"

"नांदणं चालतं आणि बाळंतपण चालत नाही?"

"तो... तो आपला बोलायचा एक प्रकार झाला."

बाळकाकांना आज का कोण जाणे डुलकी आली नव्हती. म्हणाले, "राजसीच्या वेळेला विहीणबाईंशी फोनवर दुपारभर भांडली होतीस तू. 'ते काही नाही, पहिलं माहेरीच' म्हणून. मीच तर फोन धरला होता."

"तुम्ही टोपी घाला आणि गप्प बसा!"

"मला मुलगी नाही ताई," उमा म्हणाली. आवाज जरा वेगळाच लागला, मग तिनं तो झटकन जागेवर आणला. "एक मुलगा आहे, तो तर काही बाळंत होणार नाही. एवढं एक बाळंतपण करू द्या."

आता भांडायचं तरी कशावर? राजसीच्या सासूला जे जे ऐकवलं होतं ते सगळं शब्द न शब्द कुमुदताईंच्या घशात येऊन बसलं होतं. त्यांनी कुंडी उचलली. बाळकाकांना हात लावू दिला नाही, किसनरावांना नाही, उमाला तर नाहीच. श्वास रोखून, पाय घासत, त्यांनी स्वतः ती समोर नेली. उमा पुढे पळत जाऊन भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली, उंबऱ्यात झुडपावरून ओवाळून टाकला. रिद्धी जिन्यात उभी राहून फोनवर व्हिडिओ घेत होती आणि सगळ्यांना ओरडून सांगत होती, "मिरचीची डिलिव्हरी आहे!"

कुंडी फ्रिजशेजारच्या पाटावर टेकली. एकही कळी पडली नाही. कुमुदताईंनी कमर सरळ केली, आणि निदान जाता जाता तरी आपला शब्द वर राहावा म्हणून बोट नाचवून म्हणाल्या, "सव्वा महिना. सव्वा महिन्यानं मी न्यायला येणार. सांगून ठेवते."

"तीन महिने," उमा म्हणाली.

"सव्वा!"

"पहिलटकरीण आहे ताई. राजसीला किती ठेवून घेतलं होतंत?"

कुमुदताईंनी बाळकाकांकडे पाहिलं. बाळकाकांनी छताकडे पाहिलं, पण तीन बोटं मात्र वर केली.

"बरं, तीन," कुमुदताई म्हणाल्या. "पण फुलाची पहिली ओटी मी भरणार."

"ओटी माहेरची भरतात. तुम्ही सासूबाई. तुम्ही साडी आणा."